टणत्काररावांची बारा धनुष्यं

"सामान लागतं नऊशेचं, धनुष्य विकतो चार हजारांना. म्हणजे एका धनुष्यामागे एकतीसशे निव्वळ नफा. नऊ वर्षं मजेत चाललंय," असं टणत्काररावांनी थोरल्या बहिणीला जेवता जेवता सांगितलं आणि आणखी भात वाढून घेतला. ज्याला एकतीसशे नफा होतो त्याला भूक लागणारच.

टणत्कारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घराच्या पुढच्या खोलीत बसून ते दिवसभर लाकडाची आणि बांबूची धनुष्यं बनवत. धनुष्याला दोरी चढवली की ती बोटानं छेडून डोळे मिटून ऐकत. तो टण्ण आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाई. गल्लीनं आधी नावं ठेवली आणि मग हे नाव ठेवलं.

त्या दिवशी ते जरा जास्तच फुशारले होते, कारण मुलींच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षिकेचा सकाळीच फोन आला होता. शाळेला बारा धनुष्यं हवी होती. भाव ठरवायला त्या शनिवारी येणार होत्या. एकाच घरात एकदम दोन धनुष्यं, ही टणत्काररावांची आजवरची सर्वांत मोठी विक्री, आणि तीसुद्धा जुळ्या भावांना. बाराचा आकडा ऐकल्यापासून ते घरात शीळ घालत फिरत होते.

आता ही थोरली बहीण, म्हणजे ताई, पंपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी करून नुकतीच निवृत्त झाली होती. तिथे तिचं काम एकच. एखादी वस्तू बनवायला खरा खर्च किती येतो ते शोधून काढायचं. पंपाच्या कुठल्या वायसरला किती खर्च येतो हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगत असे. निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते आणि तीन आठवड्यांत तिनं कशाचाही खर्च काढला नव्हता. विडी सुटलेल्या माणसासारखी तिची गत झाली होती. हात शिवशिवत होते.

तिनं घास खाली ठेवला.

"नऊशे सामानाचे. आणि तुझा वेळ?"

"माझा वेळ कसला ताई? तो काय विकत आणावा लागतो?"

ताईच्या डोळ्यांत तीन आठवड्यांनी पहिल्यांदा चमक आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती पुढच्या खोलीत स्टूल टाकून बसली. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर लांबट वही. आठ दिवस विश्रांतीला म्हणून आलेली बाई होती ती. टणत्काररावांना वाटलं, बसू दे, करमणूक होईल.

पहिल्या अर्ध्या तासात तिनं अकरा वेळा विचारलं की आता काय करतोयस. टणत्कारराव सांगत गेले. बांबूच्या पट्ट्या रंधतोय, पट्ट्यांना गोंद लावतोय, साच्यात घालून आवळतोय. मग जवळपास तयार झालेलं एक धनुष्य त्यांनी भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं, त्याची दोरी कप्पीनं खाली ओढली, आणि दोन पावलं मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आणि आता?"

"बघतोय."

"काय?"

"दोन्ही पाती सारखी वाकतायत का."

"वाकतायत?"

"तेच बघतोय."

ताईनं स्टॉपवॉच दाबलं. टणत्काररावांनी मान डावीकडे कलवून बघितलं, उजवीकडे कलवून बघितलं. पुढे होऊन वरच्या पात्यावरून कानशीनं चिमूटभर भुसा काढला. पुन्हा दोन पावलं मागे, पुन्हा कमरेवर हात. आता खालचं पातं ताठ वाटायला लागलं. तिथला चिमूटभर काढला. मग पुन्हा वरचं. धनुष्याचं हेच खरं दुखणं असतं. हा खेळ फार वेळ चालला तर धनुष्याची दात कोरायची काडी होते, आणि घाई केली तर ते काडकन मोडतं. तिसऱ्या दिवशी एक मोडलंच. अर्धा तुकडा उडून भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसला. टणत्कारराव डोकं धरून खाली बसले. ताईनं मात्र समाधानानं वहीत लिहिलं, 'मोड: एक.'

शुक्रवारी दुपारी निकाल लागला. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तशा कोरड्या आवाजात ताई वाचत होती. सामान नऊशेचं नव्हे. गोंद, दोरीचा धागा, मुठीचं चामडं, पॉलिश पेपर, वार्निश, रंध्याची बोथट झालेली पाती आणि बोटांना लागलेल्या चिकटपट्ट्या धरून एकवीसशे पन्नास. खोली आणि वीज, अकराशे. दर चौथं धनुष्य मोडतं त्याचा वाटा, अठराशे पन्नास. आणि वेळ एकतीस तास. त्यातला दहा तासांचा एक तुकडा तिनं वेगळा काढून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या तुकड्याचं नाव होतं 'बघणे'.

"कारखान्यात फरशी पुसणाऱ्याला तासाला दोनशे मिळतात," ताई म्हणाली. "तुला तेवढेच धरलेत. एका धनुष्याचा खरा खर्च अकरा हजार तीनशे. तू विकतोस चार हजारांना. दर धनुष्यामागे त्र्याहत्तरशेचा तोटा. नऊ वर्षांत किती विकलीस?"

"दोनशे साठ," टणत्कारराव म्हणाले. हा आकडा ते एरवी छाती फुगवून सांगत. आज तो घशातून चोरासारखा बाहेर आला.

ताईनं गुणाकार केला नाही. भावावर दया आली असावी. पण स्वयंपाकघरातून, भांडी घासता घासता, मागे वळूनही न बघता त्यांची बायको म्हणाली, "अठरा लाख अठ्ठ्याण्णव हजार."

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज उजाडायच्या आत दोन बस बदलून ती जाई, आणि दिवसभर लोकांच्या हाताला सुया टोचून घर चालवी. या नऊ वर्षांत तिनं नवऱ्याच्या धंद्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. त्या अक्षराच्या जागी हा आकडा साठत गेला असावा.

पुढच्याच क्षणाला टणत्काररावांच्या डोक्यात वीज चमकली. शनिवार! बारा धनुष्यं! कालपर्यंत जी लक्ष्मी वाटत होती तो चक्क सत्त्याऐंशी हजारांचा खड्डा होता. जितकं जास्त विकावं तितकं जास्त बुडावं, असा हा धंदा निघाला.

"त्यात काय घाबरायचं," ताई म्हणाली. "थोडा नफा धरून चौदा हजार सांग. शांतपणे, नजरेला नजर देऊन. सांगून बघ मला."

टणत्काररावांनी सांगून बघितलं. "चौ," असं म्हणून ते थांबले. पाणी प्यायले. आरशासमोर उभे राहिले, तिथेही तेच. खुंटीवरच्या धनुष्याकडे बघून म्हणाले, तर शब्द बाहेर आले पण अठ्ठ्याहत्तरशेवर येऊन थांबले. नऊ वर्षं चार हजार म्हणायची सवय लागलेली जीभ, ती मेली दहाच्या वर चढेना. शनिवारी सकाळपर्यंत त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला भाव सांगून बघितला. शेवटी ताई वैतागून म्हणाली की चौदा जमत नसेल तर मग असा काहीतरी अचाट आकडा सांग की बाई आपण होऊन निघून जाईल. चाळीस हजार सांग.

आणि गंमत अशी, की चाळीस हजार हे टणत्काररावांना पहिल्या फटक्यात म्हणता आलं. चौदा हजार म्हणताना लाज वाटे, कारण ते खरं होतं. चाळीस हजार ही सरळसरळ थाप होती, आणि थाप मारायला माणूस कशाला लाजेल!

क्रीडाशिक्षिका अकराला आल्या. उंच, उन्हानं रापलेल्या, गळ्यात शिट्टी. पूर्वी त्यांनी स्वतःसाठी टणत्काररावांकडून चार हजारांना एक धनुष्य घेतलं होतं आणि त्यावर त्या खूश होत्या. आता शाळेतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींसाठी ओढायला हलकी अशी बारा धनुष्यं हवी होती. सहा आठवड्यांनी स्पर्धा होती. त्या पुढे काही बोलणार तेवढ्यात टणत्काररावांनी डोळे मिटले आणि उडी मारली.

"चाळीस हजार."

दाराआड ताईचा श्वास अडकल्याचं टणत्काररावांना ऐकू आलं. त्यांनी एक डोळा उघडला. शिक्षिका उठून जात नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

"तुम्ही एवढं मन मोठं कराल असं मला वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता उरलेल्या पैशांत मला बाणसुद्धा घेता येतील."

त्यांनी पिशवीतून वीस हजार काढून ठेवले. उरलेले माल मिळाल्यावर देते म्हणाल्या आणि पावती मागितली. दाराआडून ताई वाऱ्यासारखी बाहेर आली. पावती लिहायची म्हटल्यावर तिच्याशिवाय दुसरं कोण लिहिणार? तिनं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात पावती लिहिली, सही केली, आकड्याखाली दोन रेघा मारल्या. शिक्षिका तीन वेळा आभार मानून गेल्या.

दार लागलं आणि टणत्कारराव स्टुलावर उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ताई वहीत बारा गुणिले चाळीस हजार करत होती. ते चार लाख ऐंशी हजार आले. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेवढेच आले. छत्तीस वर्षांत कुठल्याही पंपानं तिला असा नफा दाखवला नव्हता. बायको लॅबमधून आली तेव्हा दोघं भावंडं एकमेकांचे हात धरून पुढच्या खोलीत गोल गोल फिरत होती आणि भुसा उडत होता.

वीस हजारांचं त्याच दिवशी लाकूड, बांबू आणि गोंद आला, वर्षभर पुरेल इतका. टणत्कारराव आता बाजारातून चालताना दोन्ही हात मागे बांधून चालायला लागले. आणि बातमी काय झाकून राहते? टणत्काररावांच्या एका धनुष्याला शाळेनं चाळीस हजार मोजले, हे दोन दिवसांत चार गल्ल्यांना कळलं.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. त्याच्या हातात पत्र नव्हतं, धनुष्य होतं. पाच वर्षांपूर्वी त्यानं हौसेनं घेतलं होतं. आता म्हणाला की तुमचा भाव चाळीसवर गेलाय, मला फार हाव नाही, पाच हजार द्या आणि तुमचं तुम्हाला घ्या. टणत्कारराव त्याला हाकलणार होते. पण ताईनं त्यांना कोपऱ्यात घेतलं. तिचं म्हणणं साधं होतं. नवं धनुष्य बनवायला खर्च अकरा हजार तीनशे, जुनं परत घ्यायला पाच हजार. जुनं घ्यायचं, घासूनपुसून, मुलींना पेलेल इतकं हलकं करून द्यायचं. बनवण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडत असेल तर कुठलाही शहाणा कारखाना विकतच घेतो.

टणत्काररावांना हे इतकं पटलं की आपल्याला आधी का सुचलं नाही याचंच त्यांना वाईट वाटलं.

पैसे मात्र हवे होते. बायकोनं स्कूटरसाठी पासष्ट हजार साठवले होते. दोन बसचा जाच संपवायचा म्हणून तीन वर्षं ती एकेक नोट डब्यात टाकत होती. टणत्काररावांनी तिला गाडी घेऊन द्यायचं कबूल केलं, चारचाकी. ती म्हणाली, चारचाकी नको, माझी स्कूटरच बरी, निळ्या रंगाची. आणि तिनं डबा पुढे केला. चार लाख ऐंशी हजार येणार म्हटल्यावर तिच्याही पायाखाली थोडी हवा आली होतीच.

मग रांग लागली. पोस्टमनला पाच मिळाले हे ऐकून दाताच्या डॉक्टरांनी सहा मागितले. त्यांचं ऐकून केस कापणाऱ्यानं साडेसहा. शेवटचा, एक किराणा दुकानदार, आठच्या खाली यायलाच तयार नव्हता. आठ धनुष्यं आली, बावन्न हजार गेले.

आणि ती आठ धनुष्यं बघून टणत्काररावांच्या काळजाचं पाणी झालं. पोस्टमनच्या धनुष्यावर पडद्याच्या कड्या तशाच होत्या. दुकानदाराच्या धनुष्याला वजनकाट्याचं तागडं टांगल्याची खूण होती. दाताच्या डॉक्टरांनी दोरी काढून वेल चढवला होता. त्याची दोन वाळकी पानं अजून चिकटलेली होती. केस कापणाऱ्याच्या पोरांनी आंबे पाडून पाडून एक टोक चेचलं होतं. प्रत्येक धनुष्यासमोर दहा-दहा तास कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला माणूस तो. त्याला वाटत होतं की गावभर लोक सकाळ-संध्याकाळ नेम धरतायत.

नववी आली ती एक निवृत्त नर्स. तिच्या हातात सगळ्यांत जुनं, दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीचं धनुष्य होतं. टणत्काररावांनी सवयीनं विचारलं, किती हवेत?

"विकायचं नाही हो," ती म्हणाली. "दोरी झिजलीय. तेवढी नवी करून द्या. रोज तीस बाण मारते मी परसात."

मुठीचं चामडं तिच्या पंजाच्या आकाराचं झालं होतं. टणत्काररावांनी धनुष्य खुंटीला लावलं, दोरी ओढली आणि दोन पावलं मागे गेले. दोन्ही पाती अजून सारखी वाकत होती. ते बराच वेळ बघत उभे राहिले. ताईनं स्टॉपवॉच दाबलं नाही.

पुढचे पाच आठवडे घरात दुसरं काही नव्हतं. चार नवी धनुष्यं बनत होती, आठ जुनी घासली जात होती. ताईचे आठ दिवस कधीच उलटले होते. ती आता स्वतः पॉलिश पेपर हातात घेऊन बसे आणि एकेक पातं आरशासारखं करी. शेवटच्या दिवसांत बायकोला मात्र हिशेबाची भारी गोडी लागली. रोज संध्याकाळी चहा झाला की ती म्हणे, ताई, तो जुनं विकत घ्यायचा मुद्दा मला पुन्हा एकदा समजावून सांगा ना. आणि ताई वही उघडून, चष्मा सरसावून, पहिल्यापासून समजावून सांगे. बायको हनुवटीवर हात ठेवून ऐकत राही. नणंद-भावजयीत इतका जिव्हाळा टणत्काररावांनी पूर्वी पाहिला नव्हता.

ठरल्या दिवशी बारा धनुष्यं टेम्पोत घालून दोघं भावंडं शाळेच्या मैदानावर पोहोचली. टणत्कारराव मनाचे सरळ. त्यांनी आधीच सांगून टाकलं की यातली आठ जुन्यांची नवी केलेली आहेत. शिक्षिका हसून म्हणाल्या की या किमतीत मी तक्रार करीन होय? टणत्काररावांना हा टोमणा वाटला आणि ते ओशाळले.

मुली एका रांगेत उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली. बारा दोऱ्या एकदम सुटल्या आणि मैदानावर असा काही टणत्कार झाला की झाडावरचे कावळे उडाले. सात बाण लक्ष्याला लागले, चार गवतात गेले, एक कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. टणत्कारराव उभ्या जागी विरघळले.

शिक्षिकेनं पाकीट दिलं. ताईनं बोट ओलं करून नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग पाकीट उलटं करून झटकलं.

"मॅडम, हे वीसच आहेत."

"हो. वीस आधी, वीस आता. झाले ना चाळीस?"

"चाळीस एका धनुष्याचे," ताई म्हणाली.

शिक्षिका आधी हसल्या, मग ताईचा चेहरा बघून थांबल्या. त्यांनी फाइलमधून पावती काढली. 'बारा धनुष्ये. किंमत चाळीस हजार. पैकी वीस हजार मिळाले.' अक्षर ताईचं, सही ताईची, आकड्याखाली दोन रेघासुद्धा ताईच्याच. 'प्रत्येकी' हा शब्द कुठेही नव्हता. ताईनं पावती तीन वेळा वाचली, मागची बाजूही बघितली.

"तुमचा भाव चार हजार," शिक्षिका चाचरत म्हणाल्या. "मी अठ्ठेचाळीस धरून आले होते. तुम्ही आपण होऊन आठ हजार कमी केलेत म्हणून मला इतकं... काही चूक झाली असेल तर धनुष्यं परत न्या. मी मुलींना सांगेन."

रांगेतल्या सगळ्यांत बुटक्या मुलीनं धनुष्य दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ते पोस्टमनचं होतं. टणत्काररावांनी तिच्याकडे बघितलं. बावन्न हजार डोळ्यांसमोरून गेले. निळी स्कूटर गेली. दोन बस गेल्या.

"चूक कसली, चाळीसच ठरले होते," ते म्हणाले. "आमच्या ताईला थट्टेची सवय आहे."

छत्तीस वर्षांत एकदाही थट्टा न केलेल्या ताईनं मान हलवली.

घरी येताना टेम्पोत ती एकदाच बोलली. "सरासरी साडेसहा हजारांना विकत घेतली आणि तेहेतीसशेला विकली. आपलीच."

बायकोसमोर उभं राहायची दोघांत हिंमत नव्हती. शेवटी ताईच पुढे झाली. तिनं सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. पावती मी लिहिली, जुनी घ्यायचा सल्ला माझा, स्कूटरचे उरलेले पैसे माझ्या ठेवीतून मी भरणार, असं एका दमात बोलून ती मान खाली घालून उभी राहिली. बायकोनं चहा गाळला, तीन कप भरले, आणि शांतपणे म्हणाली की मला माहीत होतं.

"माहीत होतं? कधीपासून?" टणत्काररावांचा आवाज चिरकला.

तिनं सांगितलं. अकरा दिवसांपूर्वी शिक्षिका लॅबमध्ये रक्त द्यायला आल्या होत्या. सुईकडे लक्ष जाऊ नये म्हणून त्या सारख्या बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, एक धनुष्यवाले आहेत, देवमाणूस, बाराच्या बारा चाळीस हजारांत देतायत.

"अगं, मग बोलली का नाहीस?" ताई म्हणाली.

"पैसे तर तोवर गेलेच होते. ताई, सतरा वर्षं मी या घरात आहे. तुम्ही चुकलात असं मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, बावन्न हजार मोजलेच आहेत, तर निदान रोज संध्याकाळी थोडे वसूल तरी करावे."

ताईच्या पोटातून काहीतरी वर आलं, आणि ते हसू निघालं. हसता हसता तिला ठसका लागला. बायको तिची पाठ चोळायला लागली, तर तिलाही हसू आवरेना. दोघी भिंतीला टेकून खाली बसल्या. टणत्काररावांनी आपला चहा प्यायला, मग न विचारता ताईचाही प्यायला.

स्कूटर आली, निळीच. अर्धी डब्यातल्या पैशांची, अर्धी ताईच्या. परत जायच्या आदल्या दिवशी ताईनं भावाला समोर बसवलं आणि चौदा हजार हे शब्द रोज सकाळी वीस वेळा म्हणायचे असं वचन घेतलं. त्यांनी ते पाळलं. आठव्या दिवशी तर शेजारी येऊन विचारून गेले की चौदा हजार कुणाला द्यायचेत.

महिन्याभरानं शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या मुली स्पर्धेत तिसऱ्या आल्या होत्या. शेजारच्या शाळेलाही तशीच चोवीस धनुष्यं हवी होती. भाव तोच ना, असं त्यांनी विचारलं. टणत्कारराव उठून अंगणात आले. छातीत हवा भरून घेतली. आणि आयुष्यात पहिल्यांदा, स्वच्छ, खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता ते म्हणाले, "नाही मॅडम. प्रत्येकी चौदा हजार!"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई थबकल्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी ठेवली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. फोनवर मात्र काहीच आवाज नव्हता. टणत्काररावांनी तो कानावरून काढून बघितला. मघाशीच कट झाला होता.

पुन्हा घंटी वाजली.

"हॅलो, आवाजच गेला मधेच," शिक्षिका म्हणाल्या. "काय म्हणत होतात तुम्ही?"

टणत्काररावांनी गल्लीकडे बघितलं, गल्लीनं त्यांच्याकडे.

"काही नाही हो," ते म्हणाले. "मुलींचं अभिनंदन म्हणत होतो."